एक गिगा आवाज

२१ फेब्रुवारी, शनिवार

पापीतेच्या इस्पितळातून परत आलो. विमान उतरलं, मग लाँच, मग रिकितेआचा धक्का. आमचा कुत्रा कापितान धक्क्याच्या टोकाला उभा राहून शेपूट हलवत होता. अनानियाने त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मी पटकन नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळे बघत होते. बघू देत.

चर्चकडून दरवर्षी ही डायरी मिळते आणि दरवर्षी कोरी राहते. आजपासून लिहीन म्हणते. मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला उत्तर द्यायची बंदी झाली आहे. मग लिहिलेलं बरं.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गाठ कंठात आहे, कंठ सगळाच काढावा लागेल. ३१ मार्चला ऑपरेशन. त्यानंतर माणूस जगेल, पण आवाज गेला तो गेला. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास. अनानिया मान हलवून ऐकत होता, जसं काही शेजाऱ्याच्या होडीबद्दल चाललंय. रडले मीच. भोकाड पसरून रडले, नर्स बाहेरून डोकावून गेली.

ओनोरीन, म्हणजे अनानियाची धाकटी बहीण आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, ती या सगळ्याचं खापर त्या ढगावर फोडते. आम्ही लहान असताना मोरुरोआवरच्या अणुबॉम्बच्या चाचणीनंतर आला होता तो. असेलही. आमच्या वयाच्या निम्म्या लोकांच्या मानेवर टाक्यांचे वण आहेत.

पण एक चांगली गोष्ट घेऊन आले आहे. इस्पितळात वाइहेरे नावाची मुलगी आहे, ज्यांची वाचा जाते त्यांना शिकवते. ती म्हणाली, "मावशी, आवाज जायच्या आधी आपण तो साठवून ठेवू. त्यावरून कॉम्प्युटर आवाज बांधतो. काका नंतर टाइप करतील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल."

"त्याच्याच? हाच, खर्जातला?"

"हाच."

तिने एक रेकॉर्डर दिला, मुठीत मावेल एवढा. आणि वाचायच्या वाक्यांची जाडजूड फाईल. रोज थोडं थोडं वाचायचं, निघायच्या दिवसापर्यंत. "एक गिगा भरून आणा," ती म्हणाली. "त्याहून कमी असलं तर यंत्राला आवाज बांधता येत नाही." कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आहे. एक गिगा. किती असतं कोण जाणे, पण भरणार म्हणजे भरणार.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. खिडक्या लावल्या, कापितानला ओनोरीनकडे पाठवलं, पंखा बंद केला. दोघंही घामाने निथळत होतो.

वाक्यं फ्रेंचमध्ये आहेत. "कृपया मला एक टॅक्सी बोलवा." रिकितेआत टॅक्सी! "मेट्रोचं तिकीट कुठे मिळेल?" अनानियाला हसू फुटलं आणि खोकला आला. मी ओरडले, "हसू नकोस, हसणं नको साठवायला!" मग ते वाक्य परत वाचायला लावलं.

तीन-चार मिनिटांत त्याचा चेहरा उतरला. पाणी प्यायला आणि बाहेर जाऊन बराच वेळ खोकत बसला. रेकॉर्डरच्या पडद्यावर आकडा आला: १९. कशाचे एकोणीस?

यंत्र फ्रेंचच बोलणार आहे, आमची मांगारेवन नाही, असं वाइहेरे म्हणाली होती. म्हणजे तो माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलणार, टपाल खात्यातल्या साहेबासारखा. चालेल. आवाज त्याचाच असेल ना.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

न समजलेला आकडा माझ्या घरात राहू शकत नाही. तीस वर्षं मोत्यांची निवड केली आहे मी. ढिगात हात घातला की किती ते अंदाजाने सांगते, आणि मालक पुन्हा मोजत नाही. तेव्हा वाइहेरेला फोन लावला.

ती सांगत गेली आणि मी माझ्या भाषेत बसवत गेले. शिंपला उघडायचा. आत मोती आहे किंवा नाही. तिसरं काही नाही. एवढं एक उत्तर म्हणजे एक बिट. असे आठ शिंपले एकत्र बांधले की एक ऑक्टेट. हजार ऑक्टेटचा किलो, हजार किलोंचा मेगा, हजार मेगांचा गिगा.

"आणि आवाज कसा मावतो त्यात?"

"आवाजाचे फार बारीक तुकडे करतो मावशी. एका सेकंदाला अठ्ठ्याऐंशी हजार ऑक्टेट लागतात."

मी म्हटलं, "अगं, एका सेकंदात हा माणूस नुसता 'अं' म्हणतो! त्या 'अं'ला अठ्ठ्याऐंशी हजार?" ती हसली. लाइन खरखरली आणि तुटली.

अनानिया दारात उभं राहून ऐकत होता. आठ म्हटल्याबरोबर त्याचे डोळे चमकले. "ताउंगा," तो म्हणाला. मी गप्प म्हणायच्या आत बोलूनही गेला. त्याच्या वडिलांनी त्याला जुनी मोजणी शिकवली होती, त्यांना त्यांच्या आजोबांनी. गावच्या मुख्याला हंगामाची पहिली नीरफणसं द्यायची, ती आठ-आठ बांधून. त्या गाठोड्याचं नाव ताउंगा. ऑक्टोपसही तसेच आठ. ऊस बांधायचा तर दोनाचा ताउंगा. मोजणी ओरडून सांगणारा माणूस नुसता ताउंगाचा आकडा ओरडायचा. गाठोड्यात किती हे कोणी बोलायचं नाही, कारण समोर काय ठेवलंय ते दिसतंच की.

"आणि एक," तो कुजबुजला, "मागणारा नेहमी फळं मागायचा. आणणारा ताउंगा मोजायचा. म्हणून आणणाऱ्याचा आकडा लहान दिसतो."

"म्हणजे शंभर मागितली तर साडेबारा ओरडायचं?"

त्याने मान डोलावली. इतका खूश दिसला, फार दिवसांनी. मग लक्षात आलं, दोन मिनिटं बोलला असेल! रेकॉर्डर बंदच होता. सगळं फुकट गेलं. मी चांगलीच कानउघाडणी केली त्याची.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम ठरवले. जेवताना बोलायचं नाही. प्रार्थना मनात. कापितानला शिट्टी. काही हवं असेल तर बोटाने दाखवायचं. आवाज म्हणजे टाकीतलं पाणी आहे आणि पाऊस पुन्हा पडणार नाहीये, असं त्याला समजावलं. त्याने समजल्यासारखं केलं.

आकडा ७०. मधले दोन दिवस फार कमी वाचलं, घसा धरला होता.

३ मार्च, मंगळवार

भरलं! एक गिगा भरलं!

कसं ते लिहून ठेवते, नाहीतर ओनोरीन विश्वास ठेवायची नाही. आज वाचून झालं आणि पडद्यावर १२६ आला. काल मला वाटलं होतं, हजाराला पोचायला वर्ष जाईल. मग आज नीट बघितलं. आकड्यापुढे मेगा-ऑक्टेट असं आहे. ऑक्टेट! म्हणजे हे यंत्र आणणाऱ्याचं आहे, ते ताउंगा मोजतंय. आणि वाइहेरे मागणारी. ती मागते तेव्हा नुसतं गिगा म्हणते. म्हणजे सुटे. एकशे सव्वीस गुणिले आठ, एक हजार आठ. हजार मेगांचा गिगा. वर आठ उरले!

मी ओरडले, नाचले, त्याचं डोकं धरून मुके घेतले. गेला आठवडाभर तो वाचायला बसला की मला वाटायचं, आपण याला चाबकाने फोडून काढतोय. आता संपलं. त्याने तोंड उघडलं तर मी बोट लावलं त्याच्या ओठांवर. त्याने फाईलकडे हात केला. चारातल्या तीन हिश्शांहून जास्त पानं वाचायची राहिली आहेत. मी म्हटलं, "आता नाही वाचायची! सुटलास बाबा तू, सुटलास!"

मग नारळाच्या दुधातला पाव केला. दाणा-दाणा मोजून मोती विकणाऱ्या बाईला कोणी हिशेब शिकवायला नको, हे मी पावाच्या पिठालाही सांगितलं.

वाइहेरेला संदेश पाठवला: भरलं. तिचा आला: शाब्बास मावशी! जपून ठेवा, येताना घेऊन या.

५ मार्च, गुरुवार

अनानिया सकाळी फ्रिजपाशी उभा राहिला आणि त्या कागदावर बोटाने टकटक करून दोन्ही हातांची मिळून आठ बोटं मला दाखवली. मला कळेना. पुन्हा टकटक, पुन्हा आठ. मग उमगलं. कागदाच्या शेजारीच जहाजाचं वेळापत्रक लावलंय, आणि कॉफी संपत आली आहे. "हो रे हो, जहाजाला आठ दिवस आहेत. तोवर चहा पी."

त्याने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि हात खाली घेतले. मग माझ्या गालाला लागलेलं पीठ पुसलं आणि होडीकडे गेला.

आता वाचायचं नाही म्हटल्यावर घशाला संपूर्ण विश्रांती. डॉक्टरांना सूज उतरलेली हवी आहे. म्हणजे आता अगदीच काही बोलायचं नाही.

११ मार्च, बुधवार

ओनोरीनशी भांडण.

ती आली, तिने आंबवलेल्या नीरफणसाच्या पोपोईचं भांडं टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "तुझ्या घरात उपवासकाळ चाललाय की तुरुंग?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी जास्त बोलू नको म्हटलं असेल. जिवंतपणी मुका कर म्हटलं नसेल. आणि मेल्यासारखा नवरा घरात बसवून तू एकटी कोंबडीसारखी कलकल करतेस."

"तुला काय कळतंय? आवाज साठवलाय मी त्याचा. हे बघ, रेकॉर्डरमधल्या या एवढ्याशा कार्डात. पूर्ण."

ती त्या कार्डाकडे बघेना. म्हणाली, "काल शेतावर तो माझ्याशी बोलला." शेत म्हणजे मोत्यांचं, लगूनमधलं, जिथे तो दोऱ्या तपासायला जातो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय बोलला?"

"तुला सांगू नको म्हणाला."

"का?"

"म्हणाला, राहू दे, ती खूश आहे."

म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, भांडं ठेवून निघून गेली. मी तशीच धक्क्यावर गेले, तो उतरल्याबरोबर सगळ्यांसमोर सुनावलं. माझ्याशी बोलायला घसा दुखतो आणि बहिणीशी बोलायला दुखत नाही का? तो नुसता उभा होता. नंतर वाटलं, फार बोलले. पण त्याने वाटेत माझी पिशवी घेतली, म्हणजे रागावला नसावा.

१५ मार्च, रविवार

एक नवल. ज्याने एकोणचाळीस वर्षांत कधी कप विसळला नाही, तो हल्ली स्वतःचे रुमाल स्वतः धुतो. पाठीमागच्या नळावर, मी चर्चच्या साफसफाईला गेले की. आज लवकर आले तर दोरीवर पाच रुमाल. मी म्हटलं, "मुका झाल्यापासून शहाणा झालास." त्याने हसून रुमाल घडी घातले आणि खिशात ठेवले, ओलेच.

वाचन बंद झाल्यापासून रंग जरा सुधारलाय त्याचा. मी बरोबरच केलं.

२१ मार्च, शनिवार

आज होडीतून बाहेर नेलं त्याने मला. समोरच्या छोट्या बेटापाशी, जिथे लग्नाआधी आम्ही चोरून जायचो. मी बरोबर पाव आणि मासळी घेतली होती. पाणी स्वच्छ होतं, खालचे शिंपले दिसत होते.

त्याने इंजिन बंद केलं आणि माझा हात धरला. "फिलो," म्हणाला. माझं नाव फिलोमेना आहे, पण फिलो फक्त तो म्हणतो. आवाज कसा, घासलेल्या दोरासारखा. मी म्हटलं, "नको ना. आता अकरा-बारा दिवसच राहिलेत. काय सांगायचं ते मनात ठेव, यंत्र आलं की सगळं सांग. मी ऐकायला कुठे पळून जातेय?"

आणि मग मी त्याला माझा बेत सांगितला. यंत्र आलं की पहिलं वाक्य मी टाइप करणार: 'फिलो, तुझंच बरोबर होतं.' रोज सकाळी वाजवणार, कॉफीबरोबर. ओनोरीन आली की दोनदा वाजवणार. तो हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा होता.

परतताना तो मुकाट्याने होडी हाकत होता आणि मीच बोलत होते, पूर्ण वाटभर.

२७ मार्च, शुक्रवार

उद्या निघायचं. संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांनी त्याच्यासाठी गाणी म्हटली. तो त्याच्या जागी उभा होता, खर्जवाल्यांच्या रांगेत, तोंड मिटून. चाळीस वर्षं जिथे त्याचा सूर असायचा तिथे काहीच नव्हतं. त्याच्या शेजारचा तेआपिकी मध्येच थांबला, डोळे पुसू लागला. शेवटच्या कडव्याला अनानियाने माझ्याकडे बघितलं, गाऊ का म्हणून. मी मान हलवली. नको.

घरी आल्यावर बॅग भरायच्या आधी ते कार्ड ठेवलं. रुमालात बांधून, साबणाच्या डबीत, डबी माझ्या चोळीत. बाकी सामान हरवलं तर हरवलं.

३० मार्च, सोमवार

पापीते. वाइहेरे बाहेरच्या बेटावर रुग्ण बघायला गेली आहे, बुधवारी येईल. कार्ड तिच्या टेबलावर नको, हातातच देईन म्हटलं. पण तिथली बाई म्हणाली, "खणात कुलूप लावून ठेवते," तेव्हा दिलं.

ऑपरेशन उद्या सकाळी. भेटायची वेळ संपत आली तेव्हा त्याने मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणलं. नर्स तिथेच होती. तिने सकाळीच सांगितलं होतं, आता घशाला ताण नको. मी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"परवा सांग," मी म्हटलं. "यंत्रातून."

त्याने माझ्या बोटाचा मुका घेतला. एवढंच.

३१ मार्च, मंगळवार

झालं. सहा तास लागले. जिवंत आहे.

गळ्यात नळी आहे. ती वाजते.

१ एप्रिल, बुधवार

हे कसं लिहू ते कळत नाही.

दुपारी वाइहेरे आली. मला वाटलं, यंत्र घेऊन आली. मी उठून उभी राहिले, केसांवरून हात फिरवला. तिच्या हातात फक्त ते कार्ड होतं.

"मावशी, दुसरं कार्ड कुठाय?"

"कुठलं दुसरं?"

"यात एकशे सव्वीस मेगा आहेत. बाकीचे?"

मी हसले. अक्षरशः हसले. म्हटलं, "अगं पोरी, आठाने गुण. ते गाठोड्यात मोजलेत. एक हजार आठ होतात, वर तुला आठ दिलेत."

तिचा चेहरा बघून माझं हसू गळून पडलं. ती माझ्याशेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली, "मी मागितलं तेही गाठोड्यातच मागितलं होतं, मावशी. गिगा-ऑक्टेट. दोन्हीकडे ऑक्टेटच. आठाने गुणायचं असतं ते सुट्या बिटांवर जाताना. इथे गुणायचंच नव्हतं."

"पण तू नुसतं गिगा म्हणालीस."

"हो. बोलताना आम्ही तसंच म्हणतो." तिने फ्रिजवरच्या त्या कागदासारखाच एक कागद काढला, तिच्याकडची प्रत. त्यावर गिगा-ऑक्टेट असं लिहिलं होतंच. मी महिनाभर रोज त्याच्यासमोर उभी राहून फ्रिजमधून दूध काढत होते.

"मग किती आहे हे?"

"आठवा हिस्सा. चोवीस मिनिटं."

"एवढ्यात नाही होणार?"

"नाही होणार."

"थोडा बारीक आवाज? थोडा घोगरा? आम्हाला चालेल."

ती रडायला लागली. मीच तिला पाणी दिलं. म्हणाली, "मी विचारायला हवं होतं, एका आठवड्यात कसं भरलं म्हणून. मला वाटलं, काका चिवट आहेत." त्या पोरीला काय बोलायचं? गुणाकार मी केला. एक महिना हातात होता. सव्वीस दिवस! रोज थोडं वाचलं असतं तर भरलं असतं. ते सगळे दिवस मी त्याच्या ओठांवर बोट ठेवून बसले.

आठ बोटं दाखवत होता तो. कॉफी म्हणे! जहाज म्हणे! तोंडात माती घालावी माझ्या.

२ एप्रिल, गुरुवार

त्याला सांगायचं धैर्य होईना. सकाळभर उशा नीट करत राहिले. शेवटी त्यानेच पाटी पुढे केली, इस्पितळाने दिली आहे, पांढरी, पुसता येणारी. त्यावर लिहिलं: वाइहेरे आली होती?

मी म्हटलं, "हो."

त्याने लिहिलं: १२६.

"तुला माहीत होतं?"

मान हलवली. हो.

मी भडकले. त्या अवस्थेतल्या माणसावर भडकले. "मग लिहून का नाही दिलंस? पेन्सिल नव्हती घरात? ओनोरीनला सांगितलंस, मला नाही? बोटं काय दाखवत बसलास?"

तो लिहायला लागला. त्याचं अक्षर मोठं आहे, पाटी दोनदा पुसावी लागली. पहिल्यांदा लिहिलं: सांगणार होतो. तू नाचत होतीस. मग पुसून लिहिलं: वाचलं की रक्त यायचं. फार. तुला दिसलं असतं तर तू वाचूही दिलं नसतंस आणि रडतही बसली असतीस.

रुमाल.

मी त्याच्या पायाशी बसले आणि त्याची पावलं धरून रडले. नळी वाजत होती. वाजता वाजता लय बदलली, तेव्हा वर बघितलं तर तोही रडत होता, आवाज न होता. माणूस आवाजाशिवाय रडतो तेव्हा फक्त खांदे हलतात.

थोड्या वेळाने मी विचारलं, "होडीत काय सांगायचं होतं? आणि सोमवारी, कानात?"

त्याने पाटी घेतली. पेन टेकवलं. मग पेनाला टोपण लावून पाटी खाली ठेवली आणि हाताने खूण केली, आता लिहून काय.

मी विनवलं. त्याने डोळे मिटून घेतले.

५ एप्रिल, ईस्टर

सकाळपासून सगळीकडे घंटा. ओनोरीनचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं, आता ही मला फाडून खाईल. तिने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुट्टी असून वाइहेरे आली. म्हणाली, "आवाज बांधता येणार नाही, पण जे आहे ते ऐकता तर येईल. तुम्हाला एखादा तुकडा हवा असेल तर कापून फोनमध्ये घालते." बाहेरच्या बाकावर बसून आम्ही ऐकलं. पूर्ण चोवीस मिनिटं.

कृपया मला एक टॅक्सी बोलवा. मेट्रोचं तिकीट कुठे मिळेल. आज हवामान छान आहे. माझ्या नावावर खोली राखून ठेवली आहे. दर दोन वाक्यांनी माझा आवाज: मोठ्याने. परत वाच. हसू नकोस. खुर्ची वाजवू नकोस. मला वाटत होतं, मी त्याचा आवाज भरते आहे. त्यात निम्मी मीच भरले आहे. चोवीस मिनिटांत त्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नाही. एकही मांगारेवन शब्द नाही.

एक सोडून. वाचनाच्या शेवटच्या दिवशी मी नाचण्याच्या नादात रेकॉर्डर बंद करायला विसरले होते. आधी माझी आरोळी, मग मुक्यांचे आवाज, ते ऐकून वाइहेरेने मान खाली घातली. आणि मग तो. आमच्या भाषेत, त्याच्या आवाजात, खाली वाकून बोलावं तसा: "फिलो, अगं—"

आणि मी: "गप्प!"

मग खट.

"हे दे मला," मी म्हटलं. "फिलो, अगं. एवढंच काप."

तिने कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा ऐकलं, रेघा मोठ्या करून बघितल्या. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही त्यांच्या शब्दावरच बोलला आहात. 'अगं'वर तुमचं 'गप्प' चढलंय. वेगळं निघत नाही. नुसतं 'फिलो' काढते, पण तेही अर्धवट तुटल्यासारखं वाटेल."

"मग राहू दे. दोन्ही राहू दे."

आता माझ्या फोनमध्ये आहे. किती झालं ते मी तिला विचारलं, सवयीने. सव्वा सेकंद, ती म्हणाली, एकशे दहा किलो-ऑक्टेट. ऑक्टेट म्हणजे गाठोडी आधीच बांधलेली, गुणायचं काही नाही.

अनानियाला ऐकवलं. त्याने पाटी मागितली आणि लिहिलं, पुन्हा. मी पुन्हा लावलं. फिलो, अगं, गप्प. फिलो, अगं, गप्प. तो खिडकीकडे बघत ऐकत राहिला आणि मी बोट फोनवर ठेवून बसले, त्याने थांब म्हणायची वाट बघत.